टॅरोने नवी सुरुवात करायचीय? मग आधी काय संपतंय ते बघा

घर बदललं, नोकरी सोडली, लग्न ठरलं, लग्न मोडलं, पोरगं शिकायला बाहेर गेलं, रिटायर झालात, असं काहीही झालं की माणूस आधी मुहूर्त बघतो आणि मग कोणाला तरी विचारतो, "पुढे कसंय हो?" पूर्वी पहाटे दारावर पिंगळा यायचा, देवळाबाहेर पोपटवाला बसायचा, कोकणात तर अजूनही देवाला कौल लावतात, आणि आता लोक रील्स बघून टॅरोवाल्याकडे जातात. प्रश्न तोच आहे. मी गेली आठेक वर्षं टॅरो, म्हणजे ते भविष्य बघायचे चित्रांचे पत्ते, वापरतेय, पैसे घेऊन नाही, स्वतःसाठी आणि घरातल्यांसाठी, आणि एवढं मला नक्की कळलंय की "पुढे काय होणार" हे पत्त्यांना विचारून हाती काही लागत नाही. छापलेले कागद आहेत ते, त्यांना तुमचं ऑफर लेटर कुठून माहिती असणार. पण आयुष्य वळणावर आलेलं असताना तासभर गप्प बसून समोर चित्रं मांडली ना, की जे आपण स्वतःशी बोलायचं टाळत असतो ते आपोआप तोंडातून निघतं, आणि त्यासाठी हे पत्ते खरंच भारी आहेत.

बहुतेकांचं चुकतं ते एकाच ठिकाणी. सगळ्यांना नवीन काय येणार याची घाई, जुनं काय संपतंय तिकडे कोणी ढुंकून बघत नाही. म्हणून खाली जी पद्धत सांगतेय त्यात पहिला पत्ता कायम संपणाऱ्या गोष्टीचा. हे एक सोडून बाकी काहीही तुम्ही तुमच्या सोयीने बदला, माझी काही हरकत नाही.

डेक कुठला घ्यायचा

डेक म्हणजे पत्त्यांचा संच. रायडर-वेट नावाचा घ्या, विषय संपला. मांजरांचे, पऱ्यांचे, सोनेरी कडांचे हजार डेक मिळतात आणि दिसतातही गोड, पण शिकताना रायडर-वेटच बरा, कारण त्यात ७८ पैकी बहुतेक पत्त्यांवर माणसं काहीतरी करताना दिसतात. कोणी नावेत बसलंय, कोणी बर्फातून लंगडत चाललंय, कोणी पलंगावर उठून बसून तोंड झाकून घेतलंय. जुन्या मार्सेय पद्धतीच्या डेकमध्ये एक्का ते दहाच्या छोट्या पानांवर नुसत्या तलवारी नाही तर नुसते पेले मोजून काढलेले असतात, त्यात बघून सुचणार काय.

ही चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी काढली, कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, आणि लंडनच्या विल्यम रायडर कंपनीने डिसेंबर १९०९ मध्ये तो डेक बाजारात आणला. नाव कोणाचं राहिलं बघा, छापणाऱ्याचं आणि सांगणाऱ्याचं. चित्रं काढणाऱ्या बाईने त्याच वर्षी एका पत्रात लिहून ठेवलंय की खूप मोठं काम संपवलं आणि पैसे अगदीच थोडे मिळाले. अलीकडे लोक आठवणीने रायडर-वेट-स्मिथ म्हणतात. तुमच्या डेकमध्ये बहुतेक पत्त्यांच्या खालच्या कोपऱ्यात सापासारखी वळवळणारी एक छोटी खूण दिसेल, ती त्यांची सही. ती शोधत शोधत सगळे पत्ते एकदा नजरेखालून घाला, पहिल्या दिवशी एवढंच करा, ओळख होते.

आणि हो, पहिला डेक कोणीतरी भेट म्हणूनच द्यायला हवा, स्वतः विकत घ्यायचा नसतो, हे जे ऐकलं असेल ते विसरा. माझा मी स्वतः घेतला, ऑनलाइन, सेलमध्ये. फक्त आल्यावर मोजून घ्या. माझ्या पहिल्या डेकमध्ये दोन पत्ते डबल आणि दोन गायब होते, त्यातला एक सूर्याचा, आणि मला ते तीन महिन्यांनी कळलं, तोवर मी बिनासूर्याचं भविष्य बघत होते.

पत्ते समजून घ्यायची सोपी युक्ती

टॅरो म्हटलं की लोकांना इजिप्त, पिरॅमिड असलं काहीतरी डोळ्यासमोर येतं. तसं नाहीये. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान, फेरारा वगैरे दरबारांत, हा सरळ सरळ पत्त्यांचा डाव होता, नेहमीच्या पानांना २२ जास्तीची पानं जोडलेली, त्यातली बहुतेक हुकूम म्हणून चालायची. भविष्यासाठी वापरायचं खूळ मोठं झालं ते अठराव्या शतकात फ्रान्समध्ये. १७८१ साली कूर द जेबलँ नावाच्या विद्वानाने लिहून टाकलं की हे तर प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान. पुरावा शून्य, आणि इजिप्तची चित्रलिपी वाचता यायलाच अजून चाळीसेक वर्षं जायची होती, त्यामुळे खोडून काढणार कोण. तर मूळ काय, डाव. आपल्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, ती १२० गोल पानांची, तीही खेळायचीच. हे एकदा डोक्यात बसलं की पत्त्यांची भीती निम्मी जाते.

आणि डाव म्हटल्यावर आपल्याला सगळं आधीच येतंय की! चार रंग असतात. कप्स म्हणजे आपला बदाम, मन, नाती, रडणं-हसणं. पेंटॅकल्स म्हणजे चौकट, पैसा, घर, तब्येत, हाताने करायचं काम. स्वॉर्ड्स म्हणजे इस्पिक, डोक्यात चाललेलं, बोलणं, भांडण, निर्णय. वाँड्स म्हणजे किलवर, हौस, धडपड, नवीन काहीतरी करायची खाज. प्रत्येक रंगात एक्का ते दहा, आणि वर राजा, राणी, गुलाम, शिवाय इथे एक घोडेस्वार जास्तीचा, म्हणजे तेराऐवजी चौदा. चौदा चोक छप्पन्न. उरलेले २२ ते मेजर अर्काना, मोठे पत्ते. मोठा आला की समजायचं गोष्ट मोठी आहे, छोटा आला की रोजच्या जगण्यातलं काहीतरी. सुरुवातीला इतकंच पुरतं, पुस्तकातले अर्थ पाठ करत बसू नका, पाठ केलेल्याने बघणं बंद होतं.

कधी बसायचं, कुठे बसायचं

मुहूर्त हवाच असेल तर आपल्याकडे साडेतीन पडलेत. पाडव्याला गुढी उभारून, श्रीखंड-पुरी खाऊन सगळे आडवे झाले की दुपारी मी बसते, घरात तेवढीच शांतता मिळते. वाढदिवस, अमावस्या संपून नवा चंद्र दिसेल तो दिवस, नव्या घरातली पहिली रात्र, राजीनाम्याचा मेल पाठवला ती संध्याकाळ, काहीही चालतं. फक्त एक, ऐन आगीत बसू नका. काल भांडण झालंय आणि आज पत्ते काढताय तर पत्ते नाही, तुमचा राग वाचला जाणार. आणि घरात कोणी गेलं असेल तर निदान दिवसकार्य होईपर्यंत तरी पत्त्यांना हात लावू नका, विटाळ वगैरे म्हणून नाही हो, त्या दिवसांत माणूस कशातही काहीही खूण शोधतो आणि मग ती धरून बसतो.

मेणबत्ती, क्रिस्टल, धूप यांची गरज नाही, हौस असेल तर लावा, उदबत्ती मीही लावते कारण मला वास आवडतो. एक साधी चादर किंवा पंचा खाली, म्हणजे पत्ते घसरत नाहीत आणि मळत नाहीत. फोन दुसऱ्या खोलीत. जवळ वही-पेन पाहिजेच पाहिजे, फोनच्या नोट्समध्ये लिहू नका, तिथे जाऊन तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप उघडणार हे मला माहितीये.

पत्ते हातात घ्यायच्या आधी वहीत तीन ओळी लिहा. काय बदलतंय, कोणत्या तारखेपासून, आणि मला त्याचं नक्की काय वाटतंय. तिसरी ओळ लिहिताना पेन अडलं तर अडू दे, तिथेच थांबून थोडा वेळ जाऊ दे.

प्रश्न कसा विचारायचा

यावर सगळा खेळ आहे. "मला ही नोकरी मिळेल का?" हा वाया घालवलेला प्रश्न, कारण याला हो किंवा नाही एवढंच उत्तर आणि ते एचआरकडे आहे. त्याऐवजी "या नोकरीच्या मागे लागताना मी काय बघायचं टाळतेय?" असं विचारा. "तो परत येईल का" च्या जागी "त्याच्याशिवायच्या घरात मला सगळ्यात जास्त काय खायला उठतं?" असं. "का" ने संपणारे प्रश्न काढून टाकायचे आणि "काय" किंवा "कसं" वाले घ्यायचे, साधा नियम. आणि दुसऱ्यांच्या मनात काय चाललंय हे विचारायचं नाही, सासूबाईंच्या मनातलं सासूबाईंना विचारा, हिंमत नसेल तर सोडून द्या.

पिसणं आणि मांडणं

टॅरोचे पत्ते आपल्या रमीच्या पत्त्यांपेक्षा बरेच मोठे, साधारण ७ बाय १२ सेंटीमीटर, त्यामुळे फर्रकन पिसता येत नाहीत, आणि जबरदस्ती केली तर कडा फाटतात. चटईवर सगळे पालथे पसरून दोन्ही हातांनी कालवायचे, दिवाळीला चिवडा कालवतो तसे, आणि मग गोळा करायचे. किती वेळ? कंटाळा येईपर्यंत. डाव्या हाताने काटायचे की उजव्या, याने काही फरक पडत नाही. पिसताना एखादा पत्ता उडून पडला तर लोक त्याचं फार कौतुक करतात, त्याने स्वतःहून उडी मारली म्हणतात, मी त्याला परत आत ढकलते, माझे हात लहान आहेत म्हणून पडतो तो.

उलटे आलेले पत्ते सुरुवातीचे सहा महिने सरळ करून घ्या. उलट्याचे वेगळे अर्थ असतात, पण ७८ च जमत नाहीयेत तिथे १५६ कशाला.

आता मांडणी. वेट यांनी प्रसिद्ध केलेली दहा पत्त्यांची केल्टिक क्रॉस सगळीकडे दिसते, ती नवख्यांनी करू नये असं माझं मत, पाचव्या पत्त्यापर्यंत डोकं गरगरतं आणि सहाव्यापासून माणूस मनाला येईल ते जुळवायला लागतो. मी चारच काढते, तिला घरात आम्ही उंबरठा म्हणतो. पहिला डावीकडे, काय संपतंय. दुसरा त्याच्या खाली, संपणाऱ्यातलं सोबत काय न्यायचं. तिसरा मधोमध आडवा, उंबरठ्यावर पाय कुठे अडतोय. चौथा उजवीकडे, पहिलं पाऊल. "शेवटी काय होणार" असा पाचवा पत्ता नाहीये आणि तो काढायचा मोह होईल, काढू नका.

आणि चारही एकदम उलगडू नका हं. पहिला उघडा आणि पाच मिनिटं फक्त तोच. घड्याळ लावून. पाच मिनिटं फार वाटतात, दुसऱ्या मिनिटाला हात पुढच्या पत्त्याकडे जातो, तिथेच कळतं की आपल्याला संपलेल्याकडे बघवत नाहीये.

बदलाच्या वेळी हमखास भेटणारे पत्ते

द फूल, नंबर शून्य. कड्याच्या टोकावर पोरगा, नजर आभाळात, खांद्यावर काठीला बांधलेलं छोटंसं गाठोडं, पायाशी पांढरं कुत्रं उड्या मारतंय. सगळे म्हणतात वा, नवी सुरुवात! हो, आहेच, पण मी लोकांना गाठोड्याकडे बघायला सांगते. किती लहान आहे ते. घर शिफ्ट करताना आपण पंधरा वर्षांपूर्वीच्या फ्रिजचं वॉरंटी कार्डसुद्धा उचलून नेतो.

डेथ, नंबर तेरा. हा आला की समोरचा माणूस पांढरा पडतो, सिनेमांनी केलेलं नुकसान आहे हे. कोणी मरणार वगैरे नसतं यात. चिलखत घातलेला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर, हातात काळा झेंडा, त्यावर पांढरं गुलाबाचं फूल, आणि मागे लांब दोन बुरुजांच्या मधे सूर्य. तो उगवतोय की मावळतोय हे चित्रावरून ठरवता येत नाही, आणि मला तेच आवडतं. हा पत्ता पहिल्या जागी आला तर सरळ बोला, जे संपलंय ते संपलंय, अर्धवट नाही.

टॉवर, नंबर सोळा, वीज पडून मनोऱ्याचा मुकुट उडालाय आणि दोन माणसं डोकं खाली करून पडतायत. डेथपेक्षा हा कडू. डेथमध्ये घोडा सावकाश चालत येतो, इथे धाडकन. अचानक गेलेली नोकरी, अचानक आलेला रिपोर्ट. हा आला की मी गोड बोलत नाही, "यातून चांगलंच होईल" वगैरे तर अजिबात नाही, फक्त विचारते की पडलं ते बांधलेलं कशावर होतं.

एट ऑफ कप्स मला सगळ्यात जास्त छळतो. आठ पेले नीट रचून ठेवलेत, एकही फुटलेला नाही, सांडलेला नाही, आणि लाल कपड्यातला माणूस रात्री त्यांच्याकडे पाठ करून डोंगराकडे निघालाय. चांगली चाललेली गोष्ट सोडून जाणाऱ्यांचा पत्ता. लोक विचारतात ना, "सगळं व्यवस्थित होतं, मग सोडलं कशाला?" त्याला उत्तर देता येत नाही तेव्हा हा दाखवावा.

सिक्स ऑफ स्वॉर्ड्स, नावाडी एका बाईला आणि लेकराला पलीकडे नेतोय, सहा तलवारी नावेत उभ्या रोवलेल्या. नावेच्या एका बाजूला पाणी हलतंय, दुसऱ्या बाजूला संथ. गाव सोडणाऱ्यांना, परदेशी जाणाऱ्यांना हा येतो तेव्हा तलवारींकडे बोट दाखवा, दुःख सोबत नावेत बसूनच येतं, पण नाव बुडत नाही. तलवारी उपटल्या तर मात्र भोकं पडतील, असं माझी लेक म्हणाली होती, कुठल्या पुस्तकात नसेल ते.

फोर ऑफ वाँड्स बघून तर कुठलाही मराठी माणूस म्हणेल, हा मांडव आहे. चार खांब, वरून फुलांची माळ. लग्न, वास्तुशांत, घरचं कार्य. आणि एक्के, चारही, ढगातून बाहेर आलेला हात काहीतरी देतोय, घ्यायचं की नाही ते तुम्ही बघा. बाकीचे भेटतील तसे ओळखीचे होतील.

एक खरं बसणं सांगते

नणंद माझी, जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवून रिटायर झाली, मे महिन्यात आमच्याकडे राहायला आली. निरोप समारंभ झालेला, शाल-श्रीफळ झालेलं, आणि बाई रोज सकाळी सहाला उठून आंघोळ करून साडी नेसून तयार. कुठे जायचंय हेच माहीत नाही. एक दिवस म्हणाली, "अगं काढ ते तुझे पत्ते, बघू काय म्हणतायत." विश्वास बिलकुल नाही तिचा, आणि मला तेच बरं वाटलं.

पहिला उघडला, डेथ. मी मनात म्हटलं झालं, आता चिडणार. ती चष्मा सरकवून बघत बसली. मग म्हणाली, "हे पोरगं बघितलंस का?" घोड्यासमोर एक लहान मूल गुडघ्यावर आहे, मी शंभरदा बघितलं होतं पण कधी थांबले नव्हते. म्हणे, "मोठी माणसं बघ, राजा आडवा झालाय, तो धर्मगुरू हात जोडतोय, पोरीने तोंड फिरवलंय. आणि हे मात्र फुलं घेऊन सरळ घोड्याकडे बघतंय. पहिलीतलं असणार. इन्स्पेक्शनला साहेब आले ना की आम्ही सगळे घामाघूम आणि पहिलीची पोरं जाऊन साहेबांचा हात धरायची." मग पाच मिनिटं संपून गेली, ती बोलतच होती, कोणत्या वर्षी कोणता साहेब, कोणतं पोर. मी मधे एक शब्द बोलले नाही. याला रीडिंग म्हणतात, माझ्या मते.

दुसरा, सोबत काय न्यायचं, हर्मिट. बर्फाच्या डोंगरावर कंदील धरून उभा असलेला म्हातारा. ती जोरात हसली, "हा तर आमचा शिपाई, लाइट गेली की असाच यायचा." हसून झाल्यावर जरा थांबून म्हणाली, "म्हणजे मी आता कंदील धरायचा, वर्ग नाही धरायचा, असं का?" मी म्हटलं, तुम्ही म्हणाल ते, ताई.

तिसरा, पाय कुठे अडतोय, फोर ऑफ पेंटॅकल्स. एक माणूस नाणं छातीशी कवटाळून बसलाय, दोन पायांखाली दाबलीत, एक डोक्यावर. यावर ती एकदम गप्प. मला वाटलं पेन्शनचं काहीतरी असेल. उठली, आतून पर्स घेऊन आली आणि त्यातून एक किल्ली काढून पत्त्यावर ठेवली. शाळेतल्या कपाटाची डुप्लिकेट किल्ली. चार्ज देताना सगळं दिलं, रजिस्टर दिली, शिक्के दिले, ही दिली नाही. विसरले होते असंही म्हणाली नाही. मुद्दाम ठेवली होती, आणि महिनाभर कोणाला सांगितलं नव्हतं.

चौथा पेज ऑफ पेंटॅकल्स, म्हणजे चौकटचा गुलाम, हिरव्या शेतात उभा राहून एक पोरगा नाणं दोन्ही हातांत धरून निरखतोय, विद्यार्थी. मी अर्थ सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "मोडी शिकायचीय मला. आजोबांचे कागद पडलेत माळ्यावर, वाचता येत नाहीत कोणाला." पण मी म्हटलं, ताई, पहिलं पाऊल मोडी नाही, आधी किल्ली. सोमवारी जाऊन ती देऊन आली, नवीन बाईंच्या हातात, आणि मग क्लासची चौकशी. तिच्या बाबतीत पत्त्यांनी काय सांगितलं? काहीच नाही, किल्ली तिच्याच पर्समध्ये होती.

मांडून झाल्यावर

लगेच गोळा करू नका. चारही पत्ते वहीत लिहा, तारीख घाला, प्रत्येकाखाली एकच ओळ, आणि ती ओळ पुस्तकातली नको, तुमच्या तोंडून जी निघाली ती. मग चौथ्या पत्त्यावरून एक काम ठरवा जे आठवड्यात होईल आणि झालं की नाही हे दुसऱ्याला दिसेल. "पॉझिटिव्ह राहीन" हे काम नाही. बँकेत जाऊन नॉमिनी बदलणं हे काम आहे. बहिणीला फोन करणं, गॅसचं कनेक्शन ट्रान्सफर करणं, जुन्या ऑफिसच्या ग्रुपमधून बाहेर पडणं, हेही.

त्याच प्रश्नावर परत पत्ते निदान महिनाभर काढायचे नाहीत. हे सगळ्यात अवघड आहे. मी स्वतः नोकरी सोडली तेव्हा एका रात्रीत सात वेळा काढले होते, मनासारखा पत्ता येईपर्यंत, शेवटी सूर्याचा पत्ता आला तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते आणि सकाळी डोकं ठणकत होतं. तुम्हालाही असं व्हायला लागलं तर डेक कपाटाच्या वरच्या फळीवर टाका आणि माणसाशी बोला. मैत्रीण, भाऊ, गरज असेल तर काउन्सेलर. आजारपण, कोर्टाची केस, पैसे कुठे गुंतवायचे, हे तर पत्त्यांवर आणूच नका, त्याला डॉक्टर, वकील, सीए आहेत. आणि बाहेर कोणाकडे गेलात आणि त्यांनी डेथ किंवा टॉवर दाखवून "दोष आहे, काढायला एवढे लागतील" असं म्हटलं तर उठून सरळ घरी या, चहालासुद्धा थांबू नका.

वर्षाचा पत्ता नावाचा एक गमतीचा प्रकार आहे, तो वाढदिवसाला करायला मजा येते. वाढदिवसाची तारीख, महिना आणि चालू वर्ष यांची बेरीज करायची आणि येईल त्या संख्येचे आकडे परत मिळवायचे, २२ किंवा त्याखाली येईपर्यंत. समजा ९ जून आणि वर्ष २०२६, तर ९ अधिक ६ अधिक २०२६ म्हणजे २०४१, मग २+०+४+१ म्हणजे ७, चॅरियट, रथ. २२ आले तर द फूल. २५ मे असेल तर २०५६, म्हणजे १३, आणि हो, तो डेथ. घाबरू नका, आमच्या घरात एकाचा तो आहे आणि तो वर्षभर माळा आवरणार आहे असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय.

शेवटचं, पत्ते ठेवायचे कसे. रेशमी कापडात गुंडाळा म्हणतात, गुंडाळा, पण मुंबई-कोकणातल्या पावसात रेशीम काही कामाचं नाही. जुलैत माझा डेक पापडासारखा वाकला होता, पसरले की पत्ते आपोआप हलायचे आणि लेकीला वाटलं भूत आलं. आता घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवते, तळाला सुती फडक्यात बांधलेली मूठभर कच्च्या तांदळाची पुरचुंडी, दर महिन्याला तांदूळ बदलायचे. डब्यावर "चकली" असं लिहिलंय, त्यामुळे दिवाळीत जरा लक्ष ठेवावं लागतं.